नाईलच्या बोटीवरून राजांच्या दरीत

नाईलवरच्या क्रूझचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, लक्सरचा पश्चिम काठ त्यात एका ओळीत उरकलेला दिसेल: सकाळी राजांची दरी, हॅटशेप्सुट राणीचं मंदिर, मेम्नॉनचे पुतळे, दुपारचं जेवण बोटीवर. या ओळीचा जरा हिशेब मांडून पाहा. बोट लागते पूर्व काठाला. तिथून बस दक्षिणेकडच्या पुलाला वळसा घालून पलीकडे जाते, म्हणजे जाऊन-येऊन दीडेक तास रस्त्यातच जातो. वाटेत अलाबास्टरच्या दुकानात थांबा असतो. तो कुणी मागितलेला नसतो, पण सहसा चुकत नाही. तिन्ही ठिकाणं मिळून हातात उरतात तीन-साडेतीन तास. ज्या दरीत जवळजवळ पाचशे वर्षं इजिप्तचे राजे पुरले गेले, तिच्या वाट्याला त्यातला फार तर निम्मा वेळ येतो.

इतका खर्च करून, इतक्या लांब जाणाऱ्याने हे मुकाट्याने मान्य करू नये. क्रूझ जरूर करा. नाईलचा काठ पाहायला डेकवरच्या खुर्चीसारखी जागा नाही. पण थडग्यांसाठी बोटीच्या वेळापत्रकाबाहेरचा निदान एक पूर्ण दिवस राखून ठेवा. सहलीची आखणी याच एका गोष्टीपासून सुरू करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोटी चालतात लक्सर आणि आस्वान या दोन गावांमध्ये. लक्सरहून निघणारी फेरी बहुधा चार रात्रींची असते, आस्वानहून निघणारी तीन रात्रींची. बरेच जण चार रात्री मिळतात म्हणून लक्सरहून निघतात. मी आस्वानची बाजू घेईन. आस्वानहून प्रवाहाबरोबर खाली येताना आधी कोम ओम्बो आणि एडफूची मंदिरं लागतात, मग बोटी खालच्या पातळीवर उतरवणारं एस्नाचं लॉक, आणि शेवटी लक्सर. ही वाटेतली दोन्ही मंदिरं टॉलेमी घराण्याच्या, म्हणजे अलेक्झांडरनंतर आलेल्या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातली आहेत. एडफूचं बांधकाम इ.स.पू. 237 मध्ये सुरू झालं. राजांच्या दरीतली शेवटची थडगीसुद्धा त्याहून आठशे वर्षांनी जुनी. म्हणजे या दिशेने येताना आपण काळातही मागे मागे जात राहतो, आणि सगळ्यात जुनं, सगळ्यात भारी ते शेवटी पाहतो. दुसरा फायदा अगदी व्यवहाराचा. बोट तुम्हाला लक्सरला सोडून जाते, पुढच्या मुक्कामाची घाई नसते. दोन रात्री पश्चिम काठावरच्या एखाद्या छोट्या हॉटेलात राहा. लक्सर मंदिराजवळून लोकांची रोजची फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते. तिथे टॅक्सी मिळते, ती दिवसभरासाठी ठरवता येते. परतीसाठी लक्सरहून कैरोला विमान आहे, तासाभराचं.

कंपनीचा कार्यक्रम लक्सरहूनच सुरू होत असेल तर दोन दिवस आधी पोचा. आणि शिडाच्या छोट्या दहाबिया बोटीने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्या बहुतेक एस्ना ते आस्वान एवढ्याच टप्प्यात चालतात. लक्सरचे दिवस तिथे आपले आपणच जोडावे लागतात.

जायचं ते ऑक्टोबर ते एप्रिल या काळात. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर असतो आणि दरी म्हणजे उघड्या चुनखडीची बशी, सावलीचं नाव नाही. दरी उघडते सकाळी सहाला. पहिल्या तासात आत असाल तर एखाद्या दालनात तुम्ही आणि राखणदार एवढेच असता. सातनंतर क्रूझच्या बस येऊ लागतात. तांबड्या समुद्रावरच्या हुर्घादाहून एका दिवसासाठी येणारे मोठे गट दहा-अकराच्या सुमारास धडकतात, ती वेळ सगळ्यात वाईट. पहाटे उठणं जमत नसेल तर दुपारी जेवणानंतर जा. ऊन असतं, पण गर्दी ओसरलेली असते.

आता तिकीट. दरीत साठाहून जास्त थडगी सापडली आहेत. ती सगळीच राजांची नाहीत आणि सगळी उघडी तर मुळीच नसतात. कोणती उघडी ठेवायची, हे आलटून-पालटून ठरतं, कारण बंद ठेवलेल्या थडग्याला तेवढाच विसावा मिळतो. साध्या तिकिटावर उघड्या थडग्यांपैकी तीन पाहता येतात, तुमच्या पसंतीची. पहिला सेती, पाचवा-सहावा रामसेस (दोघांचं एकच थडगं) आणि तुतानखामेन यांच्या थडग्यांना प्रत्येकी वेगळं तिकीट लागतं. ही जादा तिकिटं क्रूझच्या पॅकेजमध्ये जवळजवळ कधीच नसतात, आणि ती दरीत शिरण्याआधीच काढावी लागतात. आत गेल्यावर ‘आता हेही बघू’ म्हणून चालत नाही. मोठ्या स्थळांच्या खिडक्यांवर आता रोख रक्कम घेत नाहीत, कार्डच लागतं. निघण्यापूर्वी बँकेत सांगून परदेशी व्यवहारासाठी कार्ड सुरू करून घ्या, आणि जोडीला दुसऱ्या बँकेचं एक कार्ड ठेवा. मुलं शिकत असतील तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र काढून न्या, तिकीट निम्म्यावर येतं.

प्रत्येक थडग्याला केव्ही आणि पुढे आकडा असा क्रमांक आहे. 1827 मध्ये जॉन गार्डनर विल्किन्सन या इंग्रज अभ्यासकाने तेव्हा माहीत असलेल्या 21 थडग्यांवर रंगाने आकडे टाकले, तीच पद्धत आजही चालू आहे. गाईडशी बोलताना राजांच्या नावांपेक्षा हे आकडे वापरा. नुसत्या रामसेस नावाचे अकरा राजे होऊन गेले, नावात घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.

साध्या तिकिटावरच्या तीन थडग्यांची निवड गुडघ्यांवरून करायची. घरातलं ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर केव्ही 2, चौथ्या रामसेसचं थडगं, डोळे मिटून निवडा. दाराशी जवळ, रुंद, जवळजवळ सपाट, आणि ग्रॅनाइटची अवाढव्य शवपेटी अजून जागेवर. या थडग्याचा मापांसकट काढलेला प्राचीन आराखडा पपायरसवर टिकून आहे आणि इटलीत तुरिनच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. केव्ही 11, तिसऱ्या रामसेसचं, हेही सौम्य उताराचं. केव्ही 8, मेरनेप्ताहचं, खोल आणि खड्या उताराचं. उतरताना काही वाटत नाही, चढताना दम लागतो. पाय धडधाकट असतील आणि उघडं असेल तर केव्ही 34 सोडू नका. तिसऱ्या थुटमोसचं हे थडगं दरीच्या टोकाला कड्यात उंचावर आहे. आधी लोखंडी जिना चढायचा आणि मग आत तेवढंच उतरायचं. खालची दफनाची खोली लंबगोल आहे आणि भिंतींवर रंगांची आतषबाजी नाही. फिकट पिवळसर भिंतीवर काळ्या-लाल रेघांत काढलेल्या काडीसारख्या आकृत्या आहेत, जणू एक भलामोठा पपायरस उलगडून खोलीभर गुंडाळला आहे.

जादा तिकिटांपैकी एकच परवडणार असेल तर माझं मत पाचव्या-सहाव्या रामसेसच्या केव्ही 9 ला. तुतानखामेनचं नाव मोठं, पण थडगं लहान. चित्रं फक्त दफनाच्या खोलीत आहेत. तो राजा अल्पवयात गेला आणि घाईने पुरला गेला. त्याचं वैभव होतं ते आतल्या पाच हजारांहून अधिक वस्तूंत, आणि त्या आता गिझाच्या पिरॅमिडांजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. सोन्याचा मुखवटा डोळ्यांत साठवायचा तर कैरोला दोन दिवस द्या. थडग्यात आहे ती त्याची दगडी शवपेटी आणि काचेच्या पेटीत ठेवलेली ममी. राजांच्या दरीतल्या राजांपैकी बहुतेकांच्या ममी कैरोच्या संग्रहालयात गेल्या, हा मात्र आपल्या जागी राहिला. तेवढ्यासाठी जायचं असेल तर जरूर जा, मात्र चित्रांची अपेक्षा ठेवू नका.

ते थडगं वाचलं कसं, हे दरीत उभं राहून समजून घेण्यासारखं आहे. केव्ही 9 आणि तुतानखामेनचं केव्ही 62 अगदी शेजारी आहेत. पुढच्या काळातल्या कामगारांच्या झोपड्या दगडमातीच्या राडारोड्यावर उभ्या राहिल्या आणि त्याखाली 62 चं तोंड गाडलं गेलं. इथे उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांना 4 नोव्हेंबर 1922 ला पहिली पायरी लागली, ती या झोपड्यांचे अवशेष हटवल्यावरच. आतल्या वस्तू बाहेर काढून नोंदवायला त्याला 1932 पर्यंत वेळ लागला.

केव्ही 9 मध्ये शिरल्यावर घाई करू नका. आत गाईडला बोलायची परवानगी नसते, तो सगळं बाहेर सांगून मोकळा होतो. म्हणून काय पाहायचं हे आपल्यालाच थोडं ठाऊक हवं. या सगळ्या थडग्यांची मूळ कल्पना एकच: संध्याकाळी सूर्य पश्चिमेला मावळतो, रात्रीच्या बारा तासांत पाताळातून नावेने प्रवास करतो, अपोफिस नावाच्या प्रचंड सर्पाशी झुंजतो आणि पहाटे पुन्हा जन्मतो. मेलेला राजा त्याच नावेत बसून निघतो. थडग्याचा लांबच लांब बोळ म्हणजे त्या रात्रीचा रस्ता. रामसेस नावाच्या राजांच्या थडग्यांच्या दारावर वर पाहा. सूर्याचं बिंब, त्यात एक भुंगा आणि एक मेंढ्याच्या डोक्याचा देव दिसेल. भुंगा हे सकाळच्या सूर्याचं रूप, मेंढ्याच्या डोक्याचा देव हे रात्रीच्या सूर्याचं. दाराशीच सगळी गोष्ट सांगून टाकली आहे. केव्ही 9 च्या दफनाच्या खोलीत शेवटी मान वर करा. छतभर नुत ही आकाशाची देवी पाठीला पाठ लावून दोनदा लांब पसरली आहे, एकदा दिवसाची आणि एकदा रात्रीची. गडद निळ्यावर पिवळं सोनेरी अंग. संध्याकाळी ती सूर्याचं लाल बिंब तोंडाने गिळते, ते तिच्या देहातून प्रवास करतं आणि सकाळी तिच्या पोटी पुन्हा जन्माला येतं. छोटी दुर्बीण बरोबर असेल तर इथे कामाला येते. किमान दहा मिनिटं या छताखाली थांबा, आणि मोबाईल नंतर काढा.

पैशांची अडचण नसेल तर दुसरं तिकीट पहिल्या सेतीच्या केव्ही 17 चं काढा. जिओव्हानी बेल्झोनी या इटालियन साहसवीराने ते ऑक्टोबर 1817 मध्ये शोधलं. आपल्याकडे इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ अजिंठ्याच्या लेण्यात शिरला त्याच्या दोनच वर्षं आधीची ही गोष्ट. इथलं काम रंगवलेल्या उठावशिल्पाचं. चेहऱ्याची हनुवटी, वस्त्राची चुणी, केसांची बट वेगवेगळी कोरून मग रंगवली आहे. यात एक दालन अर्धवट राहिलं आहे. कोरीव काम झालंच नाही, भिंतीवर नुसती रेखाटनं आहेत. जवळ जाऊन पाहा: आधी लाल रेघेने काढलेली आकृती, आणि तिच्यावर वरच्या कारागिराने काळ्या रेघेने केलेली दुरुस्ती. कुठे खांदा खाली आणला आहे, कुठे पाऊल पुढे सरकवलं आहे. तेहतीस शतकांपूर्वीच्या कारागिरांच्या हाताचं इतकं जवळून दर्शन दुसरीकडे क्वचितच होतं. मला स्वतःला ही खोली सोन्याच्या मुखवट्याइतकीच मोलाची वाटते.

याच थडग्याची हानीही माहीत असू द्या. बेल्झोनीने शिल्पांचे ओले ठसे घेतले तेव्हा त्यांबरोबर रंगही निघून आला. शांपोलियँने चित्रलिपीचं कोडं सोडवलं, पण 1829 मध्ये त्याच्याच मोहिमेत इथली दोन शिल्पं कापून नेली गेली, एक आज पॅरिसमध्ये आहे आणि एक फ्लॉरेन्समध्ये. सेतीची अलाबास्टरची शवपेटी लंडनला सर जॉन सोनच्या संग्रहालयात आहे.

राण्यांची दरी जवळच आहे. तिथलं नेफरतारीचं थडगं, क्यूव्ही 66, ही दुसऱ्या रामसेसच्या पट्टराणीची जागा. रंगांच्या टवटवीतपणात त्याला तोड नाही. मात्र दगडातलं मीठ वर येऊन गिलावा सोलत गेल्याने ते फार वर्षं बंद होतं. 1986 ते 1992 या काळात गेटी संस्था आणि इजिप्तचं पुरातत्त्व खातं यांनी मिळून ते जतन केलं. तिकीट महाग, आत थांबायला मोजकीच मिनिटं, आणि मधूनमधून ते बंदही असतं. उघडं आहे का हे निघण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारा. फक्त त्याच्यासाठी म्हणून सहल ठरवू नका.

तुमचा जो एक जादा दिवस आहे, त्यातले दोन तास मात्र देर एल-मदीनाला द्याच. क्रूझचे गट इथे फारसे येत नाहीत. राजांची थडगी खोदणारे, कोरणारे, रंगवणारे कारागीर इथे बायकामुलांसह राहत. घरांच्या पायाभिंती ओळीने दिसतात. दहा दिवसांचा त्यांचा आठवडा, पगार धान्यात. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी हे धान्य थकलं तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि मंदिरापाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला हा सगळ्यात जुना संप. त्याची हकिकत सांगणारा पपायरसही तुरिनमध्येच आहे. या कारागिरांनी फावल्या वेळात स्वतःसाठीही थडगी बांधली. त्यांपैकी सेनेजेम या कारागिराची छोटी खोली पाहा. चित्रात तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात नांगर धरून, पीक कापत उभी आहेत, अंगावर मात्र सणाचे पांढरे कपडे. जवळच शेख अब्द एल-कुर्नाच्या टेकडीवर सरदार-अधिकाऱ्यांची थडगी आहेत, त्यात रेखमिरे या अधिकाऱ्याच्या थडग्यात विटा पाडणारे, चामडं कमावणारे, धातू ओतणारे सगळे कामात गुंतलेले दिसतील. दरीतल्या देवादिकांनंतर ही माणसं पाहून फार बरं वाटतं.

तब्येतीबद्दल थोडं. थडग्याच्या आत थंडावा असतो असा अनेकांचा समज असतो. माणसांच्या श्वासामुळे आत दमट उकाडा होतो, गर्दीत तर फारच. दमा असेल तर पंप खिशात हवा, धुळीसाठी मास्क हवा. बंदिस्त जागेची भीती वाटणाऱ्यांनी केव्ही 2 ने सुरुवात करून अंदाज घ्यावा. लाकडी फळ्यांच्या उतारावर घसरणार नाहीत असे बूट घाला. पाणी, टोपी, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे एवढं पुरे, पाठीवरची मोठी सॅक बसमध्येच ठेवा, कारण अरुंद बोळात वळताना ती भिंतीला घासते. खिडकीपासून दरीपर्यंत विजेवर चालणारी छोटी गाडी मिळते, ज्येष्ठांनी ती घ्यावी. खाण्याची काळजी शाकाहाऱ्यांनी करू नये. वालाच्या जातीच्या कडधान्याचे तळलेले तामिया आणि भात-मसूर-मॅकरोनीचं कोशारी सगळीकडे मिळतं. कापलेली फळं आणि नळाचं पाणी मात्र टाळा.

आतले राखणदार खुणेने बोलावतील, दोरीपलीकडचं काही दाखवू म्हणतील, फोटो काढून देतील आणि बक्षिशी मागतील. नको असेल तर हसून नाही म्हणा आणि पुढे चला. त्यांचा पगार तुटपुंजा असतो. तुम्हाला त्यांची खरंच मदत झाली तर सुट्या नोटा द्या. मात्र दोरी ओलांडू नका आणि पैसे देऊन भिंतीला हात लावायची सवलत घेऊ नका.

भिंतीला हात का लावायचा नाही, हे अजिंठा पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. हाताचा घाम, श्वासातली वाफ, फ्लॅशचा उजेड, या सगळ्यांचा परिणाम साचत जातो. तुतानखामेनच्या थडग्यात म्हणूनच हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बसवावी लागली. हॉवर्ड कार्टरच्या घराजवळ 2014 पासून त्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती उभी आहे. तिथे कितीही वेळ थांबा, कितीही जवळ जा. लहान मुलांना तर आधी तिथेच न्यावं, असं मी सुचवेन. जुन्या काळच्या प्रवाशांनी केलेली नासधूस पाहायची तर केव्ही 9 च्या भिंतींवर ग्रीक आणि लॅटिन नावं शेकड्यांनी खरडलेली आहेत. त्यांना आज दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, तुमच्या नावाला तो मिळणार नाही, पोलिस मात्र मिळतील.

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे. व्हिसाचे नियम बदलतात, तेव्हा मुंबईतल्या इजिप्तच्या वकिलातीकडूनच खात्री करून घ्या. टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारा. राजांच्या दरीत प्रत्यक्ष किती तास? सेती आणि केव्ही 9 ची जादा तिकिटं आमच्या पैशांनी का होईना, आधी काढून देणार का? दुकानातले थांबे वगळणार का? बोट सोडल्यावर लक्सरला आम्ही स्वखर्चाने दोन रात्री राहिलो तर परतीचं विमान जुळवून देणार का? उत्तरं ‘तिथे गेल्यावर बघू’ अशी आली तर दुसरी कंपनी शोधा.